कपाटातले वीर आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी

प्रश्न : आमचा मुलगा नववीत आहे. त्याने खोलीतलं एक कपाट सुपरहिरो, सैनिक, रोबो आणि डायनोसॉर यांच्या छोट्या पुतळ्यांनी भरून टाकलं आहे. तो त्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतो. आता त्याने आमच्याकडचा तान्ह्या पोळ्याचा जुना लाकडी नंदीही त्यांच्यात नेऊन उभा केला. त्याच्या आजोबांना हे पटलेलं नाही. एवढं जमवून मांडण्यात आनंद तरी कसला? आणि आमच्या उन्हाळ्यात हे सगळं टिकणार कसं? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : नंदी योग्य जागी गेला आहे, त्याला तिथून हलवू नका. आजोबांना मात्र एक आठवण करून द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लहानपणी त्यांनीही असाच नंदी सजवला असेल. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगूरमाळ. चाकांवरचा नंदी दोरीने ओढत तोरणाखाली न्यायचा, झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीतं, ऐकायच्या, मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. कुणाचा नंदी उंच, कुणाची झूल भरजरी, याची चुरस तेव्हाही होती आणि आजही गावोगावच्या सजावट स्पर्धांत ती दिसते. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातून, दुसऱ्या रघूजींच्या काळात १८०६ मध्ये सुरू झाली असं सांगतात. म्हणजे मुलाने स्वतःचा एक छोटा पुतळा बाळगावा, नटवावा आणि चारचौघांत मिरवावा, हे विदर्भाला सुमारे दोनशे वर्षं ठाऊक आहे. तुमच्या मुलाचे वीर या मांडवात उशिरा आलेले पाहुणे आहेत.

त्यांचा जन्म अमेरिकेतला. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. त्याचे हातपाय सांध्यांत वळत, कपडे आणि शस्त्रं बदलता येत. १९७८ मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ची पात्रं जेमतेम पावणेचार इंचांची केली आणि चित्र पालटलं. एवढ्याशा माणसाला बसायला विमान, राहायला तळ आणि लढायला फौज, सगळं एका टेबलावर मावू लागलं. एकेका पुतळ्याऐवजी अख्खं जग जमवता येऊ लागलं. आपल्याकडे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल सुरू झाली आणि जी. आय. जो भारतात तयार होऊ लागला. तिने हॅस्ब्रोचेच साचे वापरले, पण काही पुतळ्यांचे रंग वेगळे ठेवले. त्या रंगांसाठी परदेशातले संग्राहक आज हे भारतीय पुतळे शोधत असतात. नव्वदच्या दशकात तुमच्या घरात कुणी लहान असेल, तर माळ्यावरची जुनी खोकी टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा.

आता आनंदाचं. विकत घेण्याचा आनंद दोन दिवसांत ओसरतो, मांडण्याचा ओसरत नाही, असं माझं ठाम मत आहे. कुणाला कुणाशेजारी उभं करायचं, कोण कुणाकडे बघतो आहे, पुढच्या रांगेत कोण आणि कडेला एकटा कोण, हे ठरवताना मुलगा गोष्ट रचत असतो. पुतळा अर्धा इंच वळवला तरी प्रसंग बदलतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणारी मुलं हेच करतात. पहारेकरी दरवाजात की बुरुजावर, यावर त्यांच्यात तासभर वाद रंगतो आणि तो वाद अगदी रास्त असतो. आजोबांनी एकदा त्या कपाटासमोर बसून मुलाला नुसतं विचारावं, ‘इथं काय चाललंय?’

डायनोसॉरबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ते परके नाहीत, तुमच्याच जिल्ह्यातले आहेत. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यात लांब मानेच्या टायटनोसॉरांची हाडं सापडली आणि त्यांच्याबरोबर दगड झालेली विष्ठाही. २००५ मध्ये शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताचे सिलिकामय सूक्ष्म कण दाखवून दिले. गवत पसरलं ते डायनोसॉर संपल्यानंतर, असा तोवरचा समज होता. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या त्या शेणाने तो मोडला. तुमच्या नंदीच्या शेजारचा डायनोसॉर लांब मानेचा असेल, तर दोघेही गवत खाणारे. ही जोडी फळीवर अगदी शोभते! गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातही, प्राणहितेच्या काठी, याहून कितीतरी जुन्या जुरासिक काळातले जीवाश्म मिळाले आहेत. वडधमच्या जीवाश्म उद्यानात मुलाला एकदा न्याच. तिथून खडा मात्र उचलून आणू नका.

टिकण्याचं म्हणाल, तर चंद्रपूरचा मे महिना हीच खरी परीक्षा. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की मऊ पीव्हीसीचे पाय वाकतात आणि पुतळा पुढे झुकतो. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला कपाट लावू नका. वाकलेला पाय गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा, तो तसाच राहतो. उन्हाने पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं, म्हणून खिडकीसमोरची फळी टाळा. कोळशाची बारीक काळी धूळ तुमच्याकडे कुठेही शिरते, तेव्हा काचेची दारं हवीतच. पण ती घट्ट बंद ठेवली तर प्लॅस्टिकमधलं मऊपणा देणारं द्रव्य पृष्ठभागावर येऊन पुतळे चिकट होतात. अधूनमधून दारं उघडून वारा लागू द्या. चिकटपणा आलाच तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे.

नंदीची निगा वेगळी. तो सागाच्या गाभ्याचा असेल तर वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, कडेच्या फिकट लाकडाला मात्र ती लागते. वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि उरलेलं तेल पुसून काढा, नाहीतर त्यावर धूळ बसून राहते. फळीवर बांबूची एखादी वस्तू असेल, तर कुलरचा दमट झोत तिच्यावर येऊ देऊ नका, बुरशी धरते. बांबूतल्या पिष्टावर भुंगेरेही येतात. म्हणून नवी वस्तू घेताना बांबूवर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारा. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मुलाला हातांनी काही घडवायचं असेल तर तिथं चौकशी करण्यासारखी आहे.

काही गोष्टी मात्र त्या कपाटात येता कामा नयेत. जंगलात सापडलेलं नख, दात किंवा शिंग घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरू शकतो. आणि गोंड-माडिया गावांच्या देवस्थानांत वाहिलेले मातीचे घोडे कितीही देखणे वाटले तरी ते कुणाच्या तरी नवसाचे आहेत. त्यांना हात लावू नये, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

आणखी एक काम सुचवतो. प्रत्येक पुतळ्याच्या तळव्याला छोटी चिठ्ठी चिकटवायला सांगा : कुणी दिला, कुठून आणला, कोणत्या साली. नंदीची चिठ्ठी आजोबांनी सांगावी आणि त्याने लिहावी. आणि येत्या तान्ह्या पोळ्याला नंदी खाली उतरवून शेजारच्या एखाद्या लहानग्याच्या हाती दोरी द्या. बोजारा त्याचा.