बेरजेपूर्वीचा एक प्रश्न

न्यासाच्या महोत्सवी अंकासाठी शाळेतील एखाद्या विषयावर सोपे टिपण द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली. मी गणिताचा शिक्षक. सातवी-आठवीच्या मुलांस संभाव्यता शिकविताना एक प्रश्न मी वारंवार विचारतो, तोच आपल्यापुढे ठेवतो : "या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतील काय?" हे न विचारता जो बेरीज करतो तो एके दिवशी फसतो. मी स्वतः फसलो आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी फळ्यावर नियम लिहून दिला होता : गणितात 'किंवा' आले की संभाव्यतांची बेरीज करावी. फासा टाकला असता ३ किंवा ५ पडण्याची संभाव्यता १/६ अधिक १/६, म्हणजे २/६. उत्तर बरोबर आले. मुले खूश, मीही खूश. मग घरच्या अभ्यासाला दिले : सम संख्या किंवा २ हून मोठी संख्या पडण्याची संभाव्यता काढा. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरील एक मुलगा वही घेऊन आला. म्हणाला, "सर, सम संख्या तीन आणि २ हून मोठ्या चार. बेरीज ७/६ येते. पण फाशाला बाजूच सहा, मग सात कुठून आणायच्या?"

घटना अगदी निश्चित घडणार असली तरी तिची संभाव्यता १ च असते. त्याहून अधिक होणे अशक्य. मुलाने माझाच नियम पाळला होता. चूक नियमाची, म्हणजे माझी होती. ४ आणि ६ या संख्या सम आहेत व २ हून मोठ्याही आहेत, म्हणून त्या दोनदा मोजल्या गेल्या. ती दोनची दुबार मोजणी वजा केली की ५/६ उरतात. खरेच आहे; या अटींतून सुटतो तो फक्त १.

तेव्हापासून मी नियम आधी सांगत नाही. १ ते ३० आकड्यांच्या चिठ्ठ्या करतो आणि काडेपेट्यांच्या दोन रिकाम्या डब्या मेजावर ठेवतो. एका मुलीने ४ ने भाग जाणाऱ्या चिठ्ठ्या आपल्या डबीत टाकायच्या, एका मुलाने ६ ने भाग जाणाऱ्या. ४, ६, ८ पर्यंत सुरळीत चालते. १२ ची चिठ्ठी निघाली की दोघांचे हात एकदम पुढे येतात. "सर, ही कुणाची?" मी गप्प बसतो. वर्गात वाद माजतो. कोणी सुचवितो की १२ ची आणखी एक चिठ्ठी करू. त्यावर दुसरा ओरडतो, "मग चिठ्ठ्या एकतीस होतील!" हे वाक्य मुलांच्या तोंडून आले की निम्मा धडा झाला. पुढे २४ लाही तोच तंटा होतो. मग जमिनीवर खडूने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढतो व १२ आणि २४ मधल्या जागेत ठेवतो. एकाच्या सात, दुसऱ्याच्या पाच. पण प्रत्यक्षात चिठ्ठ्या दहाच. संभाव्यता १०/३०.

दुसऱ्या फेरीत ४ ने भाग जाणाऱ्या आणि विषम अशा चिठ्ठ्या वेचायला सांगतो. आता एकदाही हात भिडत नाहीत. सात आणि पंधरा मिळून बावीस; संभाव्यता २२/३०. येथे बेरीज निर्धास्त चालते. एक घडली की दुसरी त्याच वेळी घडूच शकत नाही, अशा घटनांना परस्पर अपवर्जी घटना म्हणतात. हे नाव मी शेवटी सांगतो. आधी भांडण, मग नाव.

मुलांची एक समजूत मात्र चिवट असते : दोन गोष्टी वेगळ्या म्हणजे अपवर्जी. त्यासाठी मी पंचांग काढतो. आज शुक्रवार असेल तर आज शनिवार नाही. या दोन गोष्टी अपवर्जी. पण शुक्रवार आणि ईद? ईद शुक्रवारी येऊ शकते. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. सण दोन, तारीख एक. सुट्ट्यांची बेरीज करणाऱ्या मुलांस हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

थोरामोठ्यांचाही या विषयात पाय घसरला आहे. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेर या नामांकित गणितज्ञाने लिहिले की, नाणे दोनदा उडविता निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता २/३ मानावी. त्याचा विचार असा : पहिल्यांदाच छाप पडली तर खेळ संपला; नाही तर काटा मग छाप, किंवा दोन्ही वेळा काटा. तीन प्रकार, त्यांपैकी दोन अनुकूल. हे प्रकार अपवर्जी आहेत खरे, पण सारख्या वजनाचे नाहीत. पहिल्याची संभाव्यता १/२, उरलेल्या दोहोंची प्रत्येकी १/४. म्हणून उत्तर १/२ अधिक १/४, म्हणजे ३/४. घटना अपवर्जी असल्या की बेरजेला परवानगी मिळते. पण वाटे सारखे आहेत की नाहीत, हे निराळे तपासावे लागते.

हा हिशेब केवळ परीक्षेपुरता नाही. समजा, एखाद्या न्यासाकडे साठ मुलांचे अर्ज आले. पंचवीस जणांस फी दिली, वीस जणांस पुस्तके दिली आणि त्यांत आठ मुले दोन्ही याद्यांत आहेत. कोणी नुसती बेरीज करून म्हणेल, पंचेचाळीस मुलांस मदत पोचली, पंधरा राहिली. वास्तविक मदत पोचली सदतिसांस आणि राहिली तेवीस. मधली आठ मुले कागदावरून नाहीशी झाली. त्यांना कोणी नाकारले नाही. एक प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढेच. पण दारात उभ्या असलेल्या मुलाला त्याचे काय?

पालकांस एवढीच विनंती की, तीस चिठ्ठ्या आणि दोन रिकाम्या डब्या घरीही मिळतात. एखाद्या संध्याकाळी मुलांबरोबर बसावे, १२ ची चिठ्ठी निघेपर्यंत वाट पाहावी आणि भांडण चटकन मिटवू नये.