वादग्रस्त जमिनीचे खरेदीखत व त्याची नोंदणी

भिवंडी तालुक्यात मुंबई-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूस गोदामे उभी राहू लागल्यापासून भाताच्या खाचरांस पूर्वी कधी न मिळालेली किंमत आली आहे. किंमत वाढली म्हणजे हिस्सेदारांचे वादही वाढतात, आणि कोर्टात दावा चालू असलेल्या जमिनीचेसुद्धा खरेदीखत घाईने नोंदवून घेण्याचा मोह होतो. ‘रजिस्टर झाले, आता कोण काय करणार?’ असा समज आपल्या शेतकरीवर्गात दृढ आहे. तो किती घातक आहे, याचा येथे विचार करू.

१. नोंदणीने काय साधते. सन १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदविलेच पाहिजे, व सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीस हजर केले पाहिजे. लिहून देणाराने दस्त खरोखर करून दिला काय व इसम तोच आहे काय, याची खात्री दुय्यम निबंधक करून घेतो. देणाराच्या मालकीचा निवाडा तो करीत नाही. देणाराने आपली मालकी शाबीत केली नाही एवढ्यावरून नोंदणी नाकारण्याचा अधिकार निबंधकास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात ठरविले. सबब नोंदणीचा शिक्का म्हणजे मालकीची हमी नव्हे.

२. दावा चालू असता खरेदी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५२ प्रमाणे दावा चालू असता झालेली विक्री त्या दाव्याच्या निकालास बांधलेली असते. उदाहरणार्थ, वडिलोपार्जित दोन एकर जमीन असून आईबाप मयत आहेत व मागे एक भाऊ व एक बहीण एवढेच वारस आहेत. सातबारावर भावाचेच नाव आहे. बहिणीने वाटपाचा दावा लावला आणि तो चालू असता भावाने दोन्ही एकर विकले. असे खरेदीखत सर्वस्वी रद्द होत नाही. परंतु कोर्टाने बहिणीचा निम्मा हिस्सा ठरविल्यास घेणाराच्या हाती एकच एकर राहतो. दिलेल्या जादा पैशासाठी त्याला भावामागे निराळे भांडावे लागते. सन २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे, ही गोष्ट घेणाराने विसरू नये.

३. फेरफार. खरेदीखतानंतर तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना सहामध्ये नोंद धरतात व हितसंबंधितांस नोटिसा देतात. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास ती नमुना सहा-अ मध्ये जाऊन चौकशी होते. तथापि फेरफार मंजूर झाला तरी त्याने मालकी उत्पन्न होत नाही. मालकीचा अखेरचा निर्णय दिवाणी कोर्टाचाच.

४. घेणाराने काय करावे. चालू सातबारावर न थांबता निदान तीस वर्षांचे फेरफार वाचावेत. निबंधकाकडील सूची क्रमांक दोन पाहावी. देणार व त्याचे हिस्सेदार यांच्या नावाने दिवाणी कोर्टात दावा आहे काय, याचा शोध घ्यावा. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीस कलम ४३ चे निर्बंध आहेत काय, हे पाहावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस परवानगीवाचून घेता येत नाही. वाद असल्यास सर्व हिस्सेदारांस दस्तात सामील करून घ्यावे, नाहीतर हुकूमनामा होईपर्यंत थांबावे.

५. हक्क सांगणाराने काय करावे. निबंधकाकडे नुसता हरकतीचा अर्ज देऊन स्वस्थ बसू नये. दाव्यासोबतच कोर्टाकडे तात्पुरता मनाई हुकूम मागावा. सन १९३९ ची मुंबईची दुरुस्ती जेथे लागू आहे तेथे दाव्याची सूचना नोंदविल्याशिवाय कलम ५२ चा लाभ मिळत नाही. म्हणून ही सूचना विनाविलंब नोंदवावी. फेरफाराची नोटीस आल्यास मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.

दस्तापूर्वी तपासात गेलेले आठ-पंधरा दिवस वाया गेले असे कोणी मानू नये. ते वाचविले तर पुढे कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याची पाळी येते, आणि तोवर जमीनही अडकते व पैसाही.