बालकांची पहाटेची झोप आणि घरातील प्रकाश

आपल्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात येणाऱ्या मातांची एक तक्रार वर्षभर कानी पडते. मूल रात्री साडेदहाला झोपते, पहाटे पाचलाच उठून बसते आणि मग दिवसभर किरकिर करते. त्याला काही आजार तर नाही ना, झोपेचे एखादे औषध मिळेल का, असे त्या विचारतात. तपासणीत अनेकदा कोणताही आजार आढळत नाही. अशा वेळी आम्ही घरातील दिव्यांची चौकशी करतो. हा प्रश्न पालकांना अनपेक्षित वाटतो, म्हणून त्यामागील शास्त्र येथे थोडक्यात मांडत आहोत.

झोपेची गरज

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या शिफारशींनुसार, दिवसाची झोप धरून चोवीस तासांत ४ ते ११ महिन्यांच्या बाळास १२ ते १६ तास, १ ते २ वर्षांच्या मुलास ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप आवश्यक असते. रात्री साडेदहा ते पहाटे पाच हे अवघे साडेसहा तास होतात. दुपारची दीड-दोन तासांची झोप मिळवली तरी तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब अपुराच राहतो. याउलट रात्री आठला झोपून पहाटे साडेपाचला हसत उठणाऱ्या मुलाची चिंता करण्याचे कारण नाही.

प्रकाश आणि शरीराचे घड्याळ

मेंदूच्या तळभागी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका आपल्या झोपेची व जागेपणाची वेळ सांभाळतो. त्याला दिवस-रात्रीची वर्दी डोळ्यांकडून मिळते. डोळ्याच्या दृष्टिपटलात ही वर्दी देणाऱ्या विशेष पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास सिद्ध झाले. या पेशी निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. अंधार पडू लागला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते व शरीर झोपेस सिद्ध होते. उजेड हा स्राव रोखतो.

लहान मुलांची बाहुली मोठी व नेत्रभिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांच्या डोळ्यांत प्रकाश अधिक शिरतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २०१८ साली ३ ते ५ वर्षांच्या १० मुलांना झोपण्यापूर्वी एक तास प्रखर प्रकाशात बसविले असता त्यांचे मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटले. दिवा मालवल्यावर ५० मिनिटांनीही ते पूर्ववत झाले नव्हते. २०२२ सालच्या पुढील अभ्यासात मंद उजेडानेही मोठी घट होत असल्याचे दिसून आले.

प्रकाशाची वेळही महत्त्वाची आहे. रात्रीचा उजेड शरीराचे घड्याळ मागे टाकतो, म्हणून मूल उशिरा झोपते. पहाटेचा उजेड ते पुढे सरकवतो, म्हणून मूल लवकर जागे होते. दोन्ही टोकांना दिवा असला की मुलाची झोप दोन्ही बाजूंनी कापली जाते.

आपल्या परिसरातील पहाट

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील असंख्य कुटुंबांतील मंडळी मुंबईस नोकरीला जातात. पहाटेची लोकल गाठायची तर डबा त्याआधी व्हावा लागतो, पाणीही त्याच वेळी भरावे लागते. उल्हासनगरच्या जुन्या बराकींत वा चाळीतील एका खोलीत ओटा आणि अंथरूण यांत चार पावलांचेच अंतर असते. साडेचारला लागलेली ट्यूब थेट झोपलेल्या मुलाच्या तोंडावर पडते. असे रोज घडले की शरीर तीच वेळ धरून बसते. मग रविवारी ट्यूब लागली नाही तरी मूल पाचला उठतेच.

त्यात ऋतूची भर पडते. आपल्याकडे जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तर मेअखेरीस सहाच्या सुमारास, आणि त्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे चांगलेच फटफटलेले असते. पूर्वेकडील खिडकीजवळ झोपणारे मूल उन्हाळ्यात लवकर उठते, त्यामागे उकाड्याइतकाच हा उजेडही असू शकतो.

पालकांनी काय करावे?

१. झोपण्यापूर्वी तासभर ट्यूब, दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवावेत. पिवळसर, मंद दिवा वापरावा.

२. पहाटेच्या कामासाठी ओट्यावर लहान पिवळा दिवा लावावा आणि त्याचा रोख भिंतीकडे ठेवावा. ओटा व अंथरूण यांमध्ये साडीचा जाड पडदा ओढता येतो. तो शेगडीपासून दूर असावा.

३. मुलाचे अंथरूण खिडकीसमोरून हलवावे. पडदा लावताना हवा खेळती ठेवावी. उजेड अडविण्यासाठी पाळण्यावर चादर वा दुपटे टाकू नये. त्याने बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

४. रात्रभर झिरोचा दिवा जाळण्याची गरज नसते. 'झिरो' म्हणविणारे जुने दिवे प्रत्यक्षात सुमारे १५ वॉटचे असत. रात्री दूध पाजण्यासाठी दिवा हवाच असेल तर तो लाल वा पिवळा, खाली ठेवलेला असावा, निळा नसावा.

५. उठण्याची योग्य वेळ झाली की मुलास उजेडात, शक्य तर अंगणात वा गॅलरीत न्यावे.

औषधाविषयी सावधगिरी

मूल झोपावे म्हणून सर्दीचे सिरप पाजण्याची सवय आमच्या पाहण्यात येते. अशा सिरपांतील क्लोरफेनिरामिन व फिनाईलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. त्यांचीही अडचण पहाटेच्या कामाचीच होती. आज त्या अडचणीवर निर्धोक उपाय हाताशी आहेत.

मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, गुदद्वाराशी खाज येऊन जागे होत असेल किंवा त्याचा कान दुखत असेल, तर मात्र दिव्यावर विसंबू नये व त्वरित तपासणीस आणावे.

आमच्या हितचिंतकांच्या साहाय्यातून चालणाऱ्या या विभागात औषधोपचाराइतकेच अशा समजावणीसही महत्त्व आहे. पालकांना आमची विनंती आहे की, मूल कधी झोपले, कधी उठले आणि घरातला दिवा कधी लागला व मालवला, याची दहा दिवसांची नोंद एका वहीत करून ती तपासणीस येताना बरोबर आणावी. नेमके कुठे काय बदलावे, हे त्या नोंदीवरून ठरविणे सोपे जाते.