परवान्यातले पिस्तूल : घेण्याआधी पाहायच्या गोष्टी

पॉलिमर पिस्तुलात मूठ आणि चापाभोवतीचा सांगाडा कणखर प्लास्टिकचा असतो. नळी आणि स्लाइड पोलादीच राहते. वजन घटते आणि सांगाडा गंजत नाही. 1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक 17 हे असे पिस्तूल स्वीकारले, त्यानंतर ही पद्धत जगभर रुळली. मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरच्या कारखान्यात इस्रायली आराखड्याचे मसादा पिस्तूल बनते, तेही याच जातीचे. मात्र ही दोन्ही पिस्तुले 9 मिमीची आहेत आणि हा बोअर भारतात सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. परदेशी पिस्तुलांच्या किमती आणि गुणदोष वाचून यादी करणाऱ्या भोपाळच्या परवानाधारकाची बहुतेक यादी इथेच बाद होते.

स्वसंरक्षणाच्या परवान्यावर प्रत्यक्षात मिळते ते मुख्यतः .32 बोअरचे हत्यार, आणि पहिली फसगत याच आकड्यात होते. .32 पिस्तुलाचे काडतूस 7.65 मिमी एसीपी असते, तर .32 रिव्हॉल्व्हरला लांब, पूर्ण काठाचे वेगळे काडतूस लागते. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. एसीपी काडतुसालाही बुडाशी किंचित काठ असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या पुढे राहिला नाही, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी पिस्तूल बंद पडते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची केएफ छापाची काडतुसे पुष्कळांना परिचित आहेत. सौदा करण्याआधी आपल्या बोअरची काडतुसे भोपाळमध्ये नियमित मिळतात का, हे विक्रेत्याला विचारावे.

तुलना करताना केवळ वजनाला भुलू नये. .32चा धक्का मुळातच सौम्य असतो, त्यामुळे हलक्या सांगाड्याचा फायदा बाळगताना होतो, नेम धरताना फारसा नाही. कानपूरचे निर्भीक हे टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर 2014 साली आले. पॉलिमर नसूनही ते सुमारे 500 ग्रॅमचे आहे आणि तेव्हाच त्याची किंमत लाखावर होती. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या आणि साधी यंत्रणा असते. पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात, पण सराव आणि देखभालही जास्त लागते. जुने परदेशी पिस्तूल दिसायला देखणे असले, तरी आयातीवरच्या निर्बंधांमुळे त्याची किंमत अवाच्या सवा होते आणि स्प्रिंग किंवा मॅगझिन मिळवताना मालकाची दमछाक होते. म्हणून चाप ओढायला किती जड आहे, सेफ्टी कुठे आहे, जादा मॅगझिन आणि दुरुस्ती मिळेल का, या गोष्टी हत्यार हातात घेऊन तपासाव्यात.

मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज जिवावर बेततो, कारण एक गोळी नळीत राहू शकते. आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून नळीचे मागचे तोंड, जिथे गोळी बसते, ते डोळ्यांनी पाहावे, आणि हे करताना हत्यार सुरक्षित दिशेला धरावे. पॉलिमर सांगाडा गंजत नसला तरी भोपाळच्या पावसाळ्यात नळी आणि स्लाइड गंजते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ओल धरते, त्यामुळे पिस्तूल त्यात ठेवून देऊ नये. ते पुसून, हलके तेल लावून कुलूपबंद कपाटात ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

कागदपत्रांतही चूक महागात पडते. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. परवान्याचे क्षेत्र मध्य प्रदेशापुरते असेल, तर पिस्तूल घेऊन नागपूरला नातेवाइकांकडे जाता येत नाही. निवडणुकीत प्रशासनाचा आदेश निघाला की हत्यार जमा करावे लागते. त्याची पावती जपून ठेवावी. लग्नाच्या वरातीत बेफिकीरपणे गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बऱ्हाणपूर-बडवानी पट्ट्यातून महाराष्ट्रात जाणारे गावठी कट्टे पोलीस वरचेवर पकडतात. असा ‘स्वस्त’ माल घेणारा थेट गुन्हेगार ठरतो.

हत्याराच्या किमतीत काडतुसे, सराव, कपाट आणि नूतनीकरण यांचाही खर्च धरावा. ज्याला नियमित सराव जमणार नाही, त्याने पिस्तूल घेऊच नये.