पायांच्या नीलांचा विकार : झडपेपासून व्रणापर्यंत

जालना शहर पोलादाच्या रोलिंग मिल्स, बियाणे उद्योग आणि मोंढा यांसाठी सर्वपरिचित आहे. येथील अनेक श्रमिकांस तासन् तास उभे राहून काम करावे लागते. त्यांपैकी काहीजण घोट्याच्या आतील बाजूस न भरणारी जखम घेऊन आमच्याकडे येतात आणि जखमेवर मलम मागतात. वस्तुतः ही जखम म्हणजे मूळ रोग नव्हे. ती त्याची अखेरची अवस्था होय. मूळ रोग बहुधा नीलेत असतो. त्यास अपस्फीत नीला अथवा व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. वाचकांस त्याची ओळख व्हावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

नीलेची रचना व तीतील बदल

रोहिणी हृदयातील रक्त पायांकडे नेतात, तर नीला ते हृदयाकडे परत आणतात. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात आणि नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील फॅब्रिशियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना याच झडपांचा दाखला दिला.

स्तब्ध उभे असता घोट्याजवळील नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. निरोगी व्यक्ती चालू लागताच तो ३० मिलिमीटरच्या खाली उतरतो. विकारग्रस्त पायात मात्र तो पुरेसा उतरत नाही. अशा दाबाने भिंतीतील लवचीक तंतू तुटतात, स्नायूपेशींची मांडणी विस्कळीत होते आणि तंतुमय ऊतक वाढते. नीला रुंदावल्याने झडपेच्या पाळ्या एकमेकींस भिडत नाहीत. रक्त खाली उतरते आणि दाब आणखी वाढतो. आनुवंशिकता, गर्भारपण, स्थूलता आणि पूर्वी नीलेत झालेली रक्ताची गुठळी हीही या विकाराची कारणे आहेत.

बाह्य लक्षणे

प्रथम त्वचेवर बारीक शिरांचे जाळे दिसते. पुढे ३ मिलिमीटर वा अधिक रुंदीच्या, नागमोडी नीला फुगून येतात. सायंकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात. त्यानंतर नीलेबाहेर झिरपलेल्या तांबड्या पेशींतील लोहामुळे त्वचा काळपट होते, खाज सुटते, कातडी कडक बनते आणि अखेरीस व्रण होतो. प्रत्येकाच्या बाबतीत या साऱ्या अवस्था येतातच असे नाही. परंतु काळवंडलेली त्वचा ही धोक्याची सूचना समजावी.

उपचार

कलर डॉपलर तपासणीत रक्त कोठे उलटे वाहते हे कळते. दाबपट्टी वा दाबमोजे हा व्रणोपचाराचा पाया आहे. मात्र पायाच्या रोहिणींतील रक्तप्रवाह तपासल्याविना, विशेषतः मधुमेहींनी, ते वापरू नयेत. सदोष नीला शस्त्रक्रियेने, लेसरने अथवा रेडिओलहरींनी बंद करता येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५० रुग्णांवरील ब्रिटिश अभ्यासात दाबपट्टीसह असा उपचार लवकर केलेल्यांचे व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले, तर तो पुढे ढकललेल्यांस ८२ दिवस. ज्याची मजुरी रोजावर अवलंबून आहे, त्याच्या घरी या २६ दिवसांचे मोल काय, हे सांगणे नलगे.

कुटुंबीयांस विनंती

घरातील कोणाचा पाय सायंकाळी सुजत असेल वा घोट्याजवळची त्वचा काळवंडत असेल, तर जखमेची वाट पाहू नये. उभ्याच्या कामात अधूनमधून चालावे, टाचा उचलाव्यात. विश्रांतीच्या वेळी पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावेत. फुगलेली नीला फुटून रक्तस्राव झाल्यास रुग्णास आडवे करावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबून धरावे आणि तत्काळ रुग्णालयात आणावे.

देणगीदारांस व विश्वस्तांस आमचे नम्र निवेदन असे की, व्रणाची मलमपट्टी महिनोन् महिने चालते. वेळीच झालेली एक तपासणी ती टाळू शकते. आपल्या साहाय्याचा काही अंश या तपासणीकडे व दाबमोज्यांकडे वळावा, ही प्रार्थना.