सर्व्हर बदलला आणि बोल मला लागला

"काल चालत होतं. तुम्ही हात लावला नि बिघडलं." कबनूरच्या एका कापड व्यापाऱ्यानं चार माणसांत मला हे ऐकवलं. खर्चीवाल्यांचा, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांचा, हिशेब आणि कापडाच्या डिझाइनचा कॅटलॉग असलेलं त्यांचं ॲप्लिकेशन मी लिनक्स सर्व्हरवर नेलं होतं. कोड माझा नव्हता. आधीच्या डेव्हलपरनं तो विंडोजवर झॅम्प टाकून लिहिला होता. सर्व्हर बदलला आणि कॅटलॉगमध्ये फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या.

त्या डेव्हलपरला फोन केला. "माझ्याकडं चालतंय," म्हणाला आणि ठेवून दिला. चालणारच! कोडमध्ये 'डिझाइन'चा डी कॅपिटल, फाइलीत स्मॉल. शेवटचं जेपीजी कॅमेऱ्यानं कॅपिटलमध्ये दिलेलं. विंडोज ही दोन्ही नावं एकच धरतं, लिनक्सला मात्र फाइल सापडतच नाही. एरर लॉगमधलं नाव आणि फोल्डरमधलं नाव एकाखाली एक लावून दाखवलं, तेव्हा शेठ गप्प झाले. तो डेव्हलपर मात्र अजून चूक मानत नाही.

असं काम घेणाऱ्यांनी फाइलींची नावं सरसकट स्मॉलमध्ये करावीत. पण तेवढ्यानं भागत नाही. कोडमधली नावं आणि डेटाबेसात साठवलेले फोटोंचे पाथही बदलावे लागतात, आणि नवीन फोटो अपलोड होतानाच कोडनं नाव स्मॉल करायला हवं. विंडोजवर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं, तर गिटला बहुधा बदल दिसतच नाही. 'गिट एमव्ही'नं आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग हवं ते.

टेबलांचं दुखणं वेगळं. विंडोजवरचा मायएसक्यूएल टेबलांची नावं स्मॉल करून ठेवतो, लिनक्सवरचा जशीच्या तशी मागतो. हा फरक मिटवणारी 'लोअर केस टेबल नेम्स' ही सेटिंग मायएसक्यूएल ८ मध्ये सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच देता येते, डेटा भरल्यावर नाही. फाइलींच्या नावांसाठी अपाचीचं 'मोड स्पेलिंग' लावा, असं कुणी सुचवेल. त्यानं पत्ते जुळतात, पीएचपीच्या आतले इन्क्लूड नाहीत. मॅकवर लिहिलेल्या कोडमध्येही नावांचं कॅपिटल-स्मॉल तपासून घ्या. बॅकअप तर घ्याच.

आणि कोड कुठल्या सिस्टिमवर लिहिलाय, हे काम घेण्याआधी कागदावर घ्या. जुन्या कोडची दुरुस्ती निघाली तर तिचे पैसे वेगळे, हेही त्यातच लिहा. मला त्या दुरुस्तीचा एक रुपयाही मिळालेला नाही.