जुनी स्टील सायकल, नवा रंग: नफा जातो कुठे?

व्हिडिओत सायकल खोलण्यापासून जोडण्यापर्यंत सगळं दाखवलंय. इथे हिशोब बघू.

जुनी स्टीलची रोड बाईक घेताना आधी हँडलखालचा जोड तपासा. खालच्या नळीला तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती दिसली, तर सायकल समोरून ठोकलेली असू शकते. फुकटात मिळाली तरी सोडा. रंग दिला की खूण झाकते, आणि गिऱ्हाईक त्याच सायकलवर रोज ऑफिसला जाणार असतं. सीटची दांडी हलतेय ना, तेही बघा. गंजून अडकली असेल तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

आता आकडे, उदाहरणादाखल. सायकल 2500, पावडर कोटिंग 1200, टायर-ट्यूब 1100, ब्रेक-केबल 400, छर्रे-ग्रीस 200, मडगार्ड-कॅरिअर-स्टँड 900. झाले 6300. विकली 7500 ला. 1200 सुटले? तुमचे 9 तास गेलेत. तासाला 120 धरा, 1080 झाले. उरले 120, आणि दुकानाचं भाडं अजून धरलेलंच नाही!

वाकडं हँडल काढून सरळ घालणार असाल, तर ब्रेक लिव्हरही बदलावे लागतात. तो खर्च वेगळा. कोटिंगला देताना पायडलच्या धुऱ्याचे आटे झाकायला सांगा, नाहीतर पावडर खरवडत बसाल.

मूळ रंग बरा असेल तर मी कोटिंग करतच नाही. धुऊन, पॉलिश मारून, ओरखडे तेवढे भरतो.